वाघतळ्यावरचा तंबू

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, ६ जानेवारी १९७५

सौ. प्रभा हिस दाक्षायणीचा नमस्कार.

तू साताऱ्याहून रेल्वेने पाठवलेलं पार्सल काल पोचलं. त्यात आलेलं असं: चादर एक, ठिणग्यांनी भोकं पडलेली. पितळी तांब्या एक, पोचा आलेला. मफलर एक. मल्लूचं बनियन एक, ओलंच बांधलंस म्हणून बुरशी धरलेलं. आणि चांदीची डबी एक, रिकामी. भाडं तू भरलं होतंस. स्टेशनपासून हमाली पन्नास पैसे आणि नाक्यावर जकात वीस पैसे, हे माझे गेले.

रिकाम्या डबीचं मी काय करायचं, ते तू लिहिलं नाहीस.

आपण एका बाकावर बसून मॅट्रिक झालो. माझ्या गळ्यातली डबी बघून तू विचारायचीस, अंघोळीलासुद्धा काढत नाहीस का गं? मी म्हणायचे, नाही. म्हणजे तुला माहीत होतं. मल्लूच्या आधीची माझी दोन गेली, हेही तुला माहीत आहे. मल्लू झाला तेव्हा सासूबाईंनी मठातल्या स्वामींना बाळंतिणीच्या खोलीपर्यंत आणून डबीतलं हे लिंग त्याच्या पाळण्याला बांधून घेतलं होतं. ते अंगावर वागवायचं आणि शेवटी हातात घेऊन मातीत जायचं. आम्हा लिंगायतांत देवळातला देव दुसरा, हा ज्याचा त्याचा.

नाताळच्या सुटीत तुझे यजमान मुलांना डोंगरावर तंबूत राहायला नेतात, तूही स्वयंपाकाला जातेस, म्हणून मी मल्लूला पाठवला. तंबूसुद्धा मीच शिवला. मिलच्या दुकानातलं कटपीसचं जाड कापड, आणि चादरींच्या किनारी वळून केलेले दोर. त्या तंबूत माझ्या मुलाचा देव गेला.

मल्लू सांगतो ते असं. दुपारी सगळी मुलं वाघतळ्यात पोहायला निघाली. तुझ्या यजमानांनी, सरांनी, घड्याळं, अंगठ्या, गळ्यातलं सगळं तंबूत ठेवायला सांगितलं. मल्लू थबकला तर म्हणाले, "तुझ्या देवाला पोहता येतं का विचार, नाहीतर दोरा अडकून तोच तुला तळाला नेईल." मुलं हसली. मल्लूने डबी तंबूच्या खांबाला अडकवली. वारा सुटला, तंबू पडला, आणि हा परत आला तेव्हा डबी उघडी आणि रिकामी. सर म्हणाले, सोलापुरात दुसरं मिळतं की.

सासूबाईंनी त्याच्या हातचं पाणी बंद केलंय. म्हणाल्या, "लई लाडका हाय, पर गळा उघडा हाय की त्येचा." मी एकवेळ जेवते. पुढच्या आठवड्यात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. गावातल्या अडुसष्ट लिंगांना तेल घालायला सगळं सोलापूर निघेल, आणि माझ्या मुलाच्या गळ्यात एक नाही.

ज्यांनी काढायला लावलं त्यांनी परत डोंगर चढावा आणि शोधावं. बाकी मला काही नको.

तुझी,
दाक्षायणी

॥ श्री ॥
सातारा, १५ जानेवारी १९७५

प्रिय दाक्षायणी,

तिळगूळ घे, गोड बोल.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. हे फार ओशाळले. थट्टेचा स्वभाव आहे, मनात वाईट नसतं, तू त्यांना ओळखतेस. पोहताना दोरा अडकून एक मुलगा पूर्वी गुदमरला होता, त्या धास्तीने सगळ्यांनाच काढायला लावतात. दिवस मावळेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी निघेपर्यंत सगळ्यांनी गवत चाळलं. तिथे काय आहे गं? डोंगराच्या बशीत एवढंसं तळं, कडेला जांभळाचं एक खोड, तीन दगडांची चूल, पाणी पदराने गाळून प्यायचं, आणि रात्री तुझ्या तंबूत सगळे अंग आखडून निजायचे. चार पावलांवर अंधार. त्यात एवढीशी वस्तू कुठे सापडणार?

नवीन करायला जे लागेल त्याची मनीऑर्डर हे करतील. देव का हरवतो? तो असतो तिथेच असतो.

माझ्या अन्नपूर्णेचं काम तांबटाने केलं का? दसऱ्याला तुझ्याकडे ठेवून आले तेव्हापासून देव्हारा रिकामा वाटतो. हातातली पळी निखळली म्हणून इथल्या गुरुजींनी तोंड वाकडं केलं होतं, पण आईने आपल्या देव्हाऱ्यातली मला लग्नात दिलेली ती, नुसता डाग देऊन नीट होणारी. आमच्या लेकीचं, मालतीचं लग्न जमलं आहे, वैशाखात, २८ मेला. तिने गौरीहरापाशी तीच अन्नपूर्णा पुजावी, अशी आईची फार इच्छा होती. कुणी येणारं असेल तर पाठव.

मल्लूला जवळ घे. त्याच्यावर रागावू नकोस.

तुझी,
प्रभा

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, १७ मार्च १९७५

सौ. प्रभा हिस,

मनीऑर्डर आली, ती सही न करता परत केली. पोस्टमन म्हणाला, बाई, लक्ष्मी परत पाठवता? मी म्हटलं, ही लक्ष्मी नाही, ही दंडाची रक्कम आहे, आणि दंड किती ते आरोपी ठरवत नसतो.

तुझे यजमान शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी येऊन गेले. ते का आले, हे त्यांनी तुला सांगितलं नसेल, तर मी सांगते. मी त्यांना कॉलेजच्या पत्त्यावर कार्ड टाकलं होतं. उघडं कार्ड, मोठ्या अक्षरात, म्हणजे शिपायापासून प्रिन्सिपॉलपर्यंत ज्याला वाचायचं त्याने वाचावं. मजकूर एवढाच: 'माझ्या मुलाचा देव आपण थट्टेवारीत काढायला लावलात. तो कुठे आहे?'

ते दुपारी आले. मी त्यांना अंगणात उभं केलं. चप्पल काढायला म्हटलं नाही, कारण घरात घ्यायचंच नव्हतं. पाणीसुद्धा विचारलं नाही. आमच्या घरी उन्हातून आलेल्या भिकाऱ्यालाही तांब्या मिळतो, हे तू जाणतेस. सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ह्ये व्हय मास्तर? ह्येंच्या पोरीच्या गळ्यातलं मंगळसूत्र कुनी हसत काडाय लावलं, तर ह्ये बी हसतील की." त्यांनी सासूबाईंपुढे हात जोडले. म्हणाले, "थट्टा मी केली, ती चुकली. पण तंबू पडला तेव्हा मी मुलांबरोबर पाण्यात होतो. मी डबीला हात लावला नाही."

पळवाट बघ कशी. मी म्हटलं, हात लावला नाहीत, तोंड लावलंत. ते तसेच उन्हात स्टेशनकडे गेले. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? त्या रात्री पोट भरल्यासारखी झोप लागली.

अन्नपूर्णा तांबटाकडून पौषातच आली आहे. डाग चांगला बसलाय, दिसतसुद्धा नाही. ती माझ्या देवघरात नाही, ज्वारीच्या कणगीवर ठेवली आहे, तोंड भिंतीकडे. लिंग येईल तेव्हा ती जाईल.

दाक्षायणी

॥ श्री ॥
सातारा, २५ मार्च १९७५

दाक्षायणी,

हे तिकडे जाऊन आले ते मला तुझ्या पत्राने कळलं. त्यांनी घरी एवढंच सांगितलं होतं की सोलापूरला पेपर तपासायचे होते. तुझं पत्र वाचून मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि मग जे त्यांना सांगितलं तेच तुला लिहिते.

त्यांनी डबीला हात लावला नव्हता. मी लावला.

वारा आला तेव्हा मी चुलीपाशी एकटी होते. तंबू पडला. खांब दगडावर आपटला आणि डबी उघडून तुमचं लिंग माझ्या पायाशी घरंगळत आलं. काळं, वाटोळं, चिंचोक्याहून जरा मोठं. त्याचा एका बाजूचा टवका उडाला होता, आत पांढुरकं दिसत होतं. खंडित झालेला देव अंगावर वागवला तर त्याचा कोप वागवणाऱ्यावर होतो, त्याला वाहत्या किंवा खोल पाण्यात सोडावं, हे आजीपासून ऐकलेलं. तुझी आधीची दोन मुलं डोळ्यांपुढे आली. मला वाटलं, हे परत मल्लूच्या गळ्यात जाता कामा नये. मी हातपाय धुतले, लिंगावर अक्षता आणि रानातलं पांढरं फूल वाहिलं, आणि जांभळाच्या खोडाजवळ कंबरभर पाण्यात जाऊन ते सोडलं. नमस्कार केला. मल्लूचं रक्षण कर म्हटलं. देवाशपथ, तेव्हा मला पुण्य केल्यासारखं वाटलं.

मल्लू ओल्या अंगाने आला, डबी पाहिली आणि लहान मुलासारखा ओरडला. तेव्हा कळलं, मी काय केलं. मग ओठ उघडेनात. एकदा गप्प बसलं की पुढचं प्रत्येक वाक्य खोटं बोलावं लागतं, आणि मी ती लिहीत गेले.

हे दोन दिवस बाहेरच्या खोलीत निजले. मग म्हणाले, उन्हात उभा राहिलो ते बरं झालं, थट्टेपुरतं तरी फिटलं. दाक्षायणी, आता तुला जी शिक्षा द्यायची असेल ती मला दे.

प्रभा

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, ७ एप्रिल १९७५

सौ. प्रभा हिस,

तुझं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या कानात किती घालायचं?

अगं, जे काळं फुटलं ते वरचं लेपण. राखेचं आणि झाडाच्या चिकाचं असतं ते. माझं स्वतःचं आजवर दोनदा फुटलं. स्वामी पुन्हा लिंपून देतात. तुला जे पांढुरकं दिसलं तो देव होता, शाबूत. तू जिवंत माणूस पाण्यात ढकललास, कारण त्याचा अंगरखा फाटला होता.

पण मला झोप लागत नाही ती ह्याने नाही. चूक कुणालाही होते. तुझ्या अन्नपूर्णेची पळी निखळली तेव्हा ती खंडित नव्हती का? तुमच्या गुरुजींनी तोंड वाकडं केलंच होतं की. तेव्हा तू तिला कुठल्या तळ्यात सोडलंस? पिशवीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, एस.टी.ने सोलापूरला आणलीस डाग द्यायला. तुझा देव मोडला की तांबट, आणि माझ्या लेकाचा मोडला की तळं. हा हिशेब मला मांडून दाखव. मी वीस वर्षं घरचा जमाखर्च लिहिते, मला हा जुळत नाही.

वाघतळं उन्हाळ्यात आटतं, चिखल उघडा पडतो, हे सरांनीच मुलांना सांगितलं होतं. शिक्षा मागितलीस ना? २ मेच्या सकाळी मी साताऱ्याला उतरेन. तंबू तुझ्याकडेच आहे, तो घे. सर आपल्याला, मल्लू सांगतो त्या धनगरीण सोनाबाईच्या झोपडीपर्यंत पोचवतील आणि मागे फिरतील. मल्लू येणार नाही, मालती नाही. पीठ, मीठ, मिरची मी आणते. आपण दोघी तळ्याकाठी राहायचं आणि जिथे सोडलंस तिथे हातांनी चिखल उपसायचा.

अन्नपूर्णा बरोबर आणते आहे.

दाक्षायणी

॥ श्री ॥
सातारा, ९ मे १९७५

दाक्षायणी,

तू निघताना वळून पाहिलं नाहीस, म्हणून जे बोलायचं राहिलं ते लिहिते.

तू अन्नपूर्णा आणणार म्हणालीस तेव्हा मी भाबडेपणाने समजले की परत द्यायला आणते आहेस. पहिल्या संध्याकाळी, तंबूचे दोर बांधून होतात न होतात तोच तू खोडाजवळच्या गढूळ पाण्यात गेलीस आणि मूठ उघडून अन्नपूर्णा सोडलीस. मी किंचाळले. तू शांतपणे म्हणालीस, "आता शोध. आपला देव बुडाल्याशिवाय कुणी मनापासून चिखलात हात घालत नाही." मग पाय धुऊन पूजेला बसलीस. मी अंधार पडेपर्यंत पाण्यात होते. त्या क्षणी मी तुझा द्वेष केला, आणि त्याच क्षणी मल्लूचं ओरडणं मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

सोनाबाई दूध घेऊन आली तेव्हा आपल्याला बघून हसली होती, आठवतं? "बाया, सोनं पुरलंया का काय हितं?" तू म्हणालीस, हो, तिने माझं आणि मी तिचं. तू भाकरी थापायचीस, अर्धी माझ्यापुढे सरकवायचीस, तीही डाव्या हाताने.

आता खरं सांगते. दुसऱ्या दुपारी तुझा हात चिखलात थांबला आणि तू माझ्याकडे पाठ केलीस, ते मी पाहिलं. तरी खात्री नव्हती. त्या रात्री तंबूत पाठीला पाठ लावून निजलो होतो, थंडी होती. तू कूस वळलीस आणि तुझ्या कमरेच्या गाठीतल्या अन्नपूर्णेची पळी माझ्या पाठीला टोचली. लहानपणापासून ती पुसते आहे, अंधारातही ओळखते.

मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मी शोधत होते ते मल्लूचं लिंग. फक्त तेच. सापडलं नाही. माझ्या नखांत अजून तो चिखल आहे.

लग्न २८ला आहे. मागायला तोंड नाही, तरी मागते. मालतीला मी सगळं सांगितलं आहे. ती म्हणाली, मावशी देईल तेव्हाच घेऊ.

तुझी,
प्रभा

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, २० मे १९७५

सौ. प्रभा हिस दाक्षायणीचा नमस्कार.

तुझे हात सोलले होते ते मी पाहिलं. तिसऱ्या दिवशी तू जेवायला उठली नाहीस, तेही पाहिलं. अन्नपूर्णा कमरेला बांधून मी काठावर बसले होते आणि तुला उपसताना बघत होते, आणि मला वाटलं होतं तेवढं गोड लागत नव्हतं. पण तू जाणून गप्प राहिलीस, ह्याचं कौतुक माझ्याकडून मागू नकोस. जाणून गप्प राहणं तुला डिसेंबरपासून जमतंच आहे.

सासूबाई म्हणतात, स्वामींकडून दुसरं लिंग घ्या, पोराला किती दिवस उघडं ठेवता. मल्लूही रोज विचारतो. मीच अडून बसले आहे. मनात येतं, नवं बांधलं की जुन्याचा हिशेब मिटला, आणि तो असा मिटवून तुला मोकळी सोडायची नाही.

म्हणून हे असं केलं आहे.

मल्लू हे पत्र आणि पिशवी घेऊन तुझ्या दारी येईल. त्याला अंगणात उभं करू नकोस. पिशवीत तुझी अन्नपूर्णा आहे, चिंचेने घासून लख्ख केलेली. तिच्या हातांकडे बघ. पळी नाही. तांबटाने दिलेला डाग मी सांडशीने तोडला. मग मी तिची क्षमा मागितली, तुझी नाही. पळी माझ्याजवळ आहे, मल्लूच्या रिकाम्या डबीत, देवघरात. लिंगाच्या जागी रोज तिलाच विभूती लावते.

आता लग्नाआधी डाग द्यायला कुणाला सापडणार नाही, पळी माझ्याकडे आहे. दुसरी करून बसवशील तर मला कळेल, मालती खोटं बोलणार नाही. तेव्हा तुझ्यापुढे दोन वाटा. देवी खंडित आहे म्हणून तिला वाघतळ्यात सोड, जसं माझ्या मुलाच्या देवाला सोडलंस, आणि मालतीसाठी बाजारातून नवी आण. तशी सोडलीस तर तुझा धर्म खरा होता, एवढं मी मानीन, आणि आपला संबंध संपला. नाहीतर चार लोकांदेखत, तुमच्या गुरुजींच्या वाकड्या तोंडासमोर, पळी नसलेली अन्नपूर्णा गौरीहरापाशी बसव, आणि मालतीला सांग की मोडलेला देवही देवच असतो. मोठ्याने सांग, मल्लूला ऐकू जाईल असं. तो लग्नाला थांबेल.

तसं झालं, तर तो परत आल्याच्या सोमवारी मी त्याला स्वामींकडे नेईन आणि पळी तुला पोचती करीन. माझा राग जाईल असं मात्र लिहीत नाही. तंबू उसवू नकोस. पुढच्या उन्हाळ्यात तळं पुन्हा आटेल.

मल्लूच्या येण्याजाण्याचं एस.टी.चं भाडं मी दिलं आहे, त्याच्या हातावर काही ठेवू नकोस. बसवलीस की सोडलीस, तेवढंच दोन ओळींत, मल्लूच्याच हाती कळव.

दाक्षायणी